मिसेस सिडन्सची प्रत : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी, रविवार

नाटक २९ मार्चला आहे. आज वाचन संपल्यावर ताईंनी (आमच्या दिग्दर्शिका, हौशी मंडळातले सगळे त्यांना ताईच म्हणतात) सेटचा कागद पुढे सरकवला. दिवाणखाना, शेकोटी, शेकोटीवर "एक जुनं, मोठं, इंग्रज बाईचं ऑइल पेंटिंग". दोन्ही अंकांत पात्रं त्या चित्राकडे बघून बोलतात, म्हणजे ते नुसतं टांगून भागणार नाही. कॅनव्हासवर प्रिंट मारून आणू या, असं कुणीतरी सुचवलं. मी म्हणालो, मी रंगवतो. तोंडातून गेलं ते गेलं. अकरा आठवडे आहेत.

परत येताना ट्यूबमध्येच (लंडनची मेट्रो) चित्र ठरलं. डोक्यात दोन होती आणि दोन्ही एकाच बाईची. सारा सिडन्स, अठराव्या शतकातली लंडनची सगळ्यात गाजलेली शोकनायिका. जॉशुआ रेनल्ड्सने १७८४ मध्ये तिला शोकांतिकेची देवता करून सिंहासनावर बसवलं, मागे अंधारात दोन धूसर आकृत्या. ते चित्र जवळजवळ आठ फूट उंच आहे आणि आहे कॅलिफोर्नियात. पुढच्याच वर्षी टॉमस गेन्सबरोने तिला रंगवलं, तेव्हा ती साधी बाई म्हणून बसली आहे. साधी म्हणजे काय, चांगली थाटात आहे: निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झगा, पिसांची मोठी काळी टोपी, गळ्यात काळी फीत, मांडीवर फरचा मफ (दोन्ही हात उबेला घालायची नळी). पण भूमिका कुठलीच नाही. कुणाकडे भेटीला आली आहे आणि आतून बोलावणं यायची वाट बघते आहे, अशी बसली आहे. नाटकात लटकवायला नटीचं चित्र, आणि त्यात नटी नाटक करत नाही! मला हेच पाहिजे.

शिवाय हे चित्र नॅशनल गॅलरीत आहे, १८६२ पासून. घरापासून एक गाडी, पाऊण तास, तिकीट नाही.

माप १२६ × ९९.५ सेंटिमीटर. म्हणजे त्या काळचा "हाफ लेन्थ", ५० × ४० इंच. इंग्लंडमध्ये कॅनव्हास ठरलेल्या मापांत तयार मिळायचे: ३० × २५, ३६ × २८ (याचं नाव किट-कॅट), ५० × ४०, आणि पूर्ण उभ्या चित्राचा ९४ × ५८. गिऱ्हाइकाला दरही मापावरूनच सांगायचे. चेहऱ्याला इतके गिनी (तेव्हाचं सोन्याचं नाणं), हात दिसायला हवे असतील तर इतके. आमचे आबा सिनेमाचे बॅनर रंगवायचे, त्यांचा दर चौरस फुटावर होता. फार फरक नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

शुक्रवारी गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते. कामावरून थेट गेलो. वही आणि पेन्सिल घेऊन दीड तास उभा.

पहिली अर्धी घटका काहीच काढलं नाही, नुसता मागे-पुढे करत होतो. बारा फुटांवरून बघितलं तर रेशीम आहे. गुडघ्यावर ताणलेलं, कमरेशी चुरगळलेलं, बाहीवर वळलेलं. त्याचा आवाज येईल असं वाटतं. मग जवळ गेलो, इतका जवळ की पहारेकरी बाई खाकरल्या. तिथे रेशीम नाही. निळ्या रंगाचे पातळ, घाईचे फटकारे, काही मध्येच तुटलेले, काही एकमेकांवर चढलेले. घडीत शिरणारी पट्टी दुसऱ्या बाजूला जिथे निघायला हवी तिथे निघतच नाही. मफ तर कोरडा ब्रश आडवातिडवा ओढून सोडून दिलेला. पुन्हा चार पावलं मागे आलो, तर कोल्ह्याचं केसाळ कातडं.

रेनल्ड्सलाही हेच खटकत होतं आणि हेच आवडत होतं. गेन्सबरो २ ऑगस्ट १७८८ ला वारला. त्याच डिसेंबरात रॉयल अकादमीच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना रेनल्ड्स म्हणाला की जवळून ज्या नुसत्या विचित्र ओरखड्यांसारख्या खुणा वाटतात, त्या ठरावीक अंतरावरून जागच्या जागी बसतात आणि आकार धरतात. दोघांचं आयुष्यभर फारसं जमलं नाही. तरी हे बोलणं जाणकाराचं आहे.

आमचा हॉल अठरा रांगांचा आहे. एवढ्या लांबून बघायचं चित्र मी चुकून बरोबर निवडलं आहे.

१९ जानेवारी, रविवार

स्ट्रेचरच्या पट्ट्या आल्या, पैकी एक वाकडी. दुकानाने बदलून द्यायला नकार दिला, "लाकूड आहे, वाकणारच." ओलं फडकं गुंडाळून, वजन ठेवून रात्रभर दाबली. सरळ झाली, बऱ्यापैकी.

लिननचा कॅनव्हास ताणला. सशाच्या कातड्याची खळ वगैरे सोवळं पाळायला वेळ नाही. ॲक्रिलिक जेसोचे (रंगाखालचा पांढरा लेप) तीन हात, मध्ये घासून. शेवटच्या हातात थोडा उंबर (तपकिरी माती रंग) आणि गेरू मिसळून फिकट बदामी जमीन केली. पांढऱ्या जमिनीवर मला पहिल्यापासून धडकी भरते.

चित्र जेवणाच्या टेबलाच्या जागी उभं राहील. टेबल भिंतीला लागलं. बायको म्हणाली, "मार्चपर्यंत ना? तारीख कुठेतरी लिहून ठेव." इथे लिहिली.

२५ जानेवारी, शनिवार

चौकटी मारल्या. पाच इंचांच्या, आडव्या आठ, उभ्या दहा, म्हणजे ऐंशी. गॅलरीच्या छायाचित्राचा मोठा प्रिंट काढून त्यावरही तेवढ्याच. मूळ चित्र माझ्या कॅनव्हासपेक्षा दोन सेंटिमीटर अरुंद आहे. ते फ्रेमखाली जातील.

हे मला शिकवायला कुठल्या आर्ट स्कूलची गरज पडली नाही. आबा कोल्हापुरात सिनेमाचे बॅनर रंगवायचे. मूठभर फोटोवरून वीस फुटी हिरो उभा करायचा, आणि तोही शुक्रवारच्या आत. मी सातवी-आठवीत असताना दोरीला निळीत बुडवून चौकटी मारून देत असे. पुढे व्हिनाइल आलं आणि दोन वर्षांत सगळं बसलं. आबांनी ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले. ती पेटी अजून आहे.

आज व्हिडिओ कॉलवर त्यांना चौकटी दाखवल्या.

"ऐंशी? एवढुशा चित्राला?"

"आबा, पन्नास इंच आहे."

"मग? आमी पंधरा फुटाला साठ मारत हुतो. चौकटी लई झाल्या की बाई चौकटीत अडकती बघ."

रेखांकन तरी ऐंशी चौकटींतच केलं. टोपीची कड तीन वेळा पुसली. ती लंबगोल नाही, अंगावर येणारं तबक आहे, आणि एका बाजूला खाली झुकलेलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

गॅलरी, दुसरी फेरी. आज फक्त रंग. घरून मिसळून आणलेले नमुने पुठ्ठ्याच्या पट्टीवर सुकवले होते, ते लांबून डोळ्यांसमोर धरून ताडून पाहिले.

निळा माझ्याकडे जवळजवळ बरोबर आहे. प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये हा रंग अपघाताने सापडला आणि चित्रकारांचं दैव उघडलं. त्याआधी चांगला निळा म्हणजे अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा, सोन्याच्या भावाचा, नाहीतर काचेच्या भुकटीचा, जो तेलात राखाडी पडतो. प्रशियन ब्लू स्वस्त आणि जहाल. तांदळाच्या दाण्याएवढा घेतला तर मूठभर पांढऱ्याला पुरतो. पहिल्या आठवड्यातच तो माझ्या घरात किटलीच्या मुठीवर, फ्रीजच्या दारावर आणि मुलीच्या शाळेच्या डायरीवर पोचला आहे.

लाल पडद्याशी जास्त वेळ गेला. प्रिंटमध्ये तो सरळ लाल दिसतो. प्रत्यक्षात त्यात इतका तपकिरी आहे की लाल शोधावा लागतो. झग्याच्या थंड निळ्यामुळे तो तापतो, इतकंच. शालीचा पिवळट रंग मध्ये नसता तर दोघांची मारामारीच झाली असती.

चेहरा अजून टवटवीत आहे याचं आश्चर्य वाटलं. रेनल्ड्सच्या बायका बघा, कित्येक जणी आजारातून उठल्यासारख्या पांढऱ्याफटक. तो गालांना किड्यापासून काढलेला किरमिजी वापरायचा आणि तो उजेडाने उडतो. त्याच्या हयातीतच उडायला लागला होता. लेखक होरेस वॉलपोलने टोमणा मारला की या माणसाला चित्राचे पैसे एकरकमी देऊ नयेत, चित्र टिकेल तितकी वर्षं वर्षासन द्यावं. गेन्सबरो पातळ रंगवायचा, पण हाताने स्वच्छ.

मी शिशाचा पांढरा वापरणार नाही. घरात मूल आहे. टायटेनियम जास्त झाकतो, खडूसारखा मारतो, त्यात थोडा झिंक मिसळून त्याला नरम करतोय. शिशाच्या पांढऱ्यात एक लवचिकपणा असतो म्हणतात, त्याला मुकलो.

२ फेब्रुवारी, रविवार

अंडरपेंटिंग, नुसत्या रॉ उंबरमध्ये. उंबर लवकर वाळतो, खालच्या थराला तेच हवं.

गेन्सबरो चित्राची सुरुवात खोली अंधारी करून, मेणबत्तीच्या उजेडात करत असे. माणूस आणि कॅनव्हास दोन्ही धड दिसू नयेत इतपत अंधार. करून बघावं म्हटलं. पडदे लावले, दिवे बंद, प्रिंटजवळ एक मेणबत्ती, कॅनव्हासजवळ एक. मुलगी विचारायला आली, लाइट गेली का? तिने भारतात पाहिलं आहे, म्हणून विचारलं.

डोळे सरावल्यावर प्रिंटमधले पट्टे गेले, फीत गेली, डोळ्यांच्या पापण्या गेल्या. उरले तीन ढीग: काळी टोपी, उजळ झगा आणि त्यांच्यामध्ये तोंडाचं एक पान. बस. नाकाडोळ्याकडे जीव ओढतच नाही, कारण ते दिसतच नाहीत. तासाभरात पुरं चित्र बसलं. दिवे लावले आणि घाबरत घाबरत पाहिलं, तर बाई बसली होती. तोंड नव्हतं, पण सिडन्सच होती. मान तिची होती.

योगायोग असा की १७८५ मध्ये आजच्याच तारखेला, २ फेब्रुवारीला, सिडन्सने ड्रुरी लेन थिएटरात लंडनकरांपुढे पहिल्यांदा शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ केली. झोपेत चालत हातावरचं रक्त धुण्याच्या प्रवेशात तिने हातातली मेणबत्ती खाली ठेवली. आधीच्या नटीने ती शेवटपर्यंत हातात धरलेली, त्यामुळे प्रेक्षकांना तसंच बघायची सवय. थिएटरचा मालक शेरिडन घाबरून सांगायला आला की असं करू नका, लोक खपवून घेणार नाहीत. तिचं म्हणणं, हात धुवायचे तर दोन्ही हात मोकळे नकोत का? लोकांनी डोक्यावर घेतलं.

याच वर्षी ती गेन्सबरोपुढे बसली. वय तीसच्या आसपास.

९ फेब्रुवारी, रविवार

लांब ब्रशचा प्रयोग. गेन्सबरोचे काही ब्रश सहा फूट लांबीच्या काठ्यांना लावलेले असत, असं त्याला काम करताना पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. तो अशा जागी उभा राहायचा की माणूस आणि कॅनव्हास त्याच्यापासून सारख्याच अंतरावर यावेत. दोन्हीकडे एकाच नजरेने बघायचं म्हणजे हात तरी लांब हवाच.

माझ्या खोलीत कॅनव्हाससमोर अकरा फूट मिळतात, स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं तर तेरा. झाडूच्या दांड्याला बारा नंबरचा हॉग (डुकराच्या केसांचा) ब्रश सुतळीने बांधला. पहिला फटका कॅनव्हासच्या बाहेर, भिंतीवर. दुसरा टोपीत. तिसऱ्यापासून हाताला वजन कळलं. मनगट कामालाच येत नाही, खांद्यातून हलावं लागतं, आणि खांद्याला बारीकसारीक काही करता येत नाही. तेच तर हवं. मनगट लाडावलेलं असतं, त्याला पापणी काढायची असते.

पडदा, मागचा अंधार, शालीची पहिली पिवळट चाल, सगळं काठीने केलं. रात्री दंड भरून आले. भिंतीवरचा निळा पुसायचा प्रयत्न केला, तो पसरला. घर भाड्याचं आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

नाक.

गेन्सबरोची गोष्ट सांगतात की सिडन्सचं तोंड रंगवताना तो वैतागून म्हणाला, या नाकाला शेवटच नाही! मी काल सकाळी हसून सुरुवात केली. काल संध्याकाळी हसू गेलं. चार वेळा रंगवलं, चार वेळा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसलं. लहान केलं तर बाई बदलते, कुणीतरी गोड मुलगी होते. आहे तितकं ठेवलं तर पोपट.

आज सकाळी आबांना फोन. फोन खुर्चीवर टेकवून ठेवला, त्यांना लांबून दिसेल असा.

"नाक मोठं नाही रं."

"आबा, मोठंच आहे तिचं."

"आसंल. पर तू नाकाखालचं बघ. नाक आन् वटाच्या मधी किती जागा सोडलीस?"

प्रिंटवर कर्कटक लावून मोजलं. मी नाक आणि वरच्या ओठामधलं अंतर जवळजवळ दोन रेघा कमी धरलं होतं. ओठ नाकाच्या पोटात घुसला होता आणि सगळा दोष नाक खात होतं. ओठ खाली नेला, हनुवटी त्याबरोबर केसभर सरकवली. नाकाला हातही लावला नाही. बसलं.

मग टोपीच्या कडेची कपाळावरची सावली गडद केली. सावलीत गेरू नाही, थोडा हिरवा माती रंग. तेवढ्याने डोळे खोल गेले आणि नजर बाहेर, चित्राच्या डाव्या कडेपलीकडे लागली. ती आपल्याकडे बघत नाही हे किती बरं आहे. बघितलं असतं तर मी नाक एवढ्यात सोडलं नसतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रंग ओला, म्हणून हात बांधलेले. पॅडिंग्टन ग्रीनला जाऊन आलो. तिथल्या चर्चच्या आवारात तिची समाधी आहे, जन्म १७५५, वेल्समध्ये ब्रेकन गावी, फिरत्या नाटक कंपनीच्या घरात, मृत्यू १८३१. बागेत तिचा संगमरवरी पुतळा, १८९७ मध्ये नट हेन्री अर्विंगने त्याचं अनावरण केलं. पुतळा रेनल्ड्सच्या चित्रावरून, म्हणजे देवतेच्या थाटात. शेजारून उड्डाणपुलावरून गाड्यांचा घोंगावत जाणारा लोंढा. तिला ऐकू येत असेल तर ती आवाज चढवेल, दबणार नाही.

पहिल्यांदा लंडनला आली होती १७७५ मध्ये, नामांकित नट गॅरिकच्या कंपनीत, आणि सपशेल पडली. पुढच्या मोसमासाठी ठेवलंच नाही. मग सहा वर्षं बाहेरगावच्या रंगमंचांवर, पोरंबाळं सांभाळत. १७८२ मध्ये परत आली ती अशी की पुन्हा कुणी हलवलं नाही. गेन्सबरोच्या चित्रातला तो ताठ कणा मला आता वेगळा दिसायला लागला आहे. एकदा घालवून दिलेली बाई दुसऱ्यांदा आल्यावर अशी बसते.

१ मार्च, शनिवार

पट्टे. आजचा दिवस वाया.

पातळ थर वाळला होता. पट्टे सरळ यावेत म्हणून मी मास्किंग टेप लावला. नीटनेटक्या, समान जाडीच्या, एकशेएक पट्ट्या. दुपारी चार वाजता टेप काढला. बायको चहा घेऊन आली, बघत राहिली आणि म्हणाली, "गादीची खोळ."

गादीची खोळच होती. पट्टे कापडावर नव्हते, कापड पट्ट्यांमागे होतं. फडकं घेऊन कमरेपासून खाली सगळं पुसलं.

त्या काळी बरेचसे नामांकित चित्रकार कपडे स्वतः रंगवतच नसत. चेहरा आपला, बाकी झगा कारागिराकडे. अलन रॅम्झी आणि टॉमस हडसन यांचे कपडे व्हान आकन नावाचा एकच माणूस रंगवायचा, रेनल्ड्सकडे पीटर टॉम्स होता. गेन्सबरो मात्र स्वतः रंगवायचा. या बाबतीत आज मला व्हान आकनचा पत्ता हवा होता.

२ मार्च, रविवार

पहाटे उठून झगा पुन्हा. आधी सगळा पांढरट राखाडी थर, ओला. तो ओला असतानाच निळा, भरपूर टर्पेंटाइन घालून चहासारखा पातळ केलेला, लांब केसांच्या ब्रशने. वरून खाली नाही. गुडघ्याकडून कमरेकडे, कापड ज्या दिशेने ताणलं आहे त्या दिशेने. श्वास रोखून, एका पट्टीला एक फटका, परत जायचं नाही. तुटली तर तुटली. घडी आली की ब्रश उचलायचा आणि पलीकडे अंदाजाने टेकवायचा.

पंचेचाळीस मिनिटं लागली. कालचे आठ तास याच्यासाठी होते, असं म्हणून स्वतःची समजूत घातली.

५ मार्च, बुधवार

लाल पडद्यावर अल्किड मीडियम (रंगात मिसळायचं, लवकर वाळवणारं) जास्त झालं, चिकट आहे. हात लावू नये.

८ मार्च, शनिवार

मफ वीस मिनिटांत झाला. जुना, केस झडलेला ब्रश, जवळजवळ कोरडा, उंबर आणि पिवळी माती. आबांनी कॉलवर पाहिलं आणि पहिल्यांदा नुसते "हां" म्हणाले. बॅनरवरच्या वाघाची कातडी ते अशीच काढायचे, तुटक्या कुंच्याने.

टोपीची पिसं अवघड. काळ्यावर काळं. थंड काळा आणि उबदार काळा यांच्यात सगळा खेळ आहे. ट्यूबमधला काळा मी वापरत नाही, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून दोन्हीकडे झुकवतो. केसांवर पावडरीचा राखी थर. पिठाची ती पावडर पुढे दहा वर्षांत फॅशनमधून गेली. पंतप्रधान पिटच्या सरकारने १७९५ मध्ये तिच्यावर वर्षाला एक गिनी कर बसवला, तिथून ती आणखी लवकर उतरली.

फ्रेम: हार्डवेअरच्या दुकानातली छताची पट्टी, कोपरे कापून, वर सोनेरी. त्या काळी इंग्लंडमध्ये चित्रांना जी नक्षीची सोनेरी चौकट सर्रास असायची तिला माराट्टा फ्रेम म्हणतात. मंडळाच्या ग्रूपवर हे टाकल्यावर तीन जणांनी छाती फुगवली. कार्लो माराट्टा हा रोमचा चित्रकार, आपला संबंध नाही. सांगितलं. तरी "माराट्टा फ्रेम" हेच नाव पडलं.

१४ मार्च, शुक्रवार

गॅलरी, तिसरी फेरी. फोनवर माझं चित्र, समोर तिचं. माझी गळ्यातली फीत फार काटेकोर आहे, मांजराच्या पट्ट्यासारखी. तिची एका कडेला मानेच्या सावलीत विरते. बाकी मान खाली घालण्यासारखं काही नाही. पहारेकरी त्याच बाई होत्या. या वेळी खाकरल्या नाहीत, फोनमध्ये डोकावल्या.

१६ मार्च, रविवार

हॉलमध्ये चाचणी. एकाच्या व्हॅनमधून नेलं, वर चादरीचा तंबू.

शेकोटीवर टांगलं, अठराव्या रांगेत जाऊन बसलो. दिवेवाल्याने संध्याकाळचा प्रवेश लावला, पिवळसर उजेड. आणि झगा मेला. प्रशियन ब्लूला पिवळा उजेड सोसत नाही. तो हिरवट काळा होऊन बसला, पांढरे पट्टे पिवळे झाले आणि दोघे एकमेकांत मिसळून गोणपाट झालं. तोंड मात्र उत्तम. मफ उत्तम. टोपीखालची सावली तर घरात दिसली नाही इतकी चांगली.

ताई म्हणाल्या, "अहो, सुंदर आहे हो, पण ही आजारी आहे का? अंगातलं रक्त गेल्यासारखी दिसते."

दिवेवाला म्हणाला की जेल (दिव्यापुढचा रंगीत कागद) बदलता येणार नाही, त्यावर पूर्ण दुसरा अंक उभा आहे. बरोबर आहे त्याचं. चित्राने नाटकाचं ऐकायचं.

सिडन्सवरही ही वेळ आली होती. १७९४ मध्ये ड्रुरी लेन नव्याने बांधलं ते साडेतीन हजारांहून जास्त माणसं मावतील एवढं. मागच्या माणसाला भुवई दिसेना. ती त्या थिएटरला ओसाड रान म्हणायची. जुन्या घरात पापणीने होणारं काम तिथे खांद्याने आणि हाताने करावं लागलं. झाडूच्या दांड्याची आठवण झाली.

२३ मार्च, रविवार

दोन दिवसांत दुरुस्ती. सगळे पट्टे वाचवायचे नाहीत. गुडघा, कोपर आणि कमरेची एक घडी, एवढ्याच ठिकाणी सहा-सात पट्टे ठळक केले: निळ्यात थोडा कोबाल्ट आणि पांढरा घालून उजळ, आणि शेजारचा पांढरा थंड. बाकीचे आणखी धूसर. दांड्याचा ब्रश, स्वयंपाकघराच्या दारातून. जवळून पाहिलं तर आता कुणीतरी झग्यावर खडू घासला आहे असं वाटतं. घरातल्या दिव्यात चित्र बिघडलं आहे. हॉलमध्ये बघू.

व्हार्निश लावलं नाही. रंग वाळलेला नाही आणि चकाकी प्रेक्षकांच्या डोळ्यात जाईल.

मागे कॅनव्हासवर लिहिलं: "प्रत. मूळ चित्र टॉमस गेन्सबरो, १७८५." खाली माझं नाव आणि वर्ष. आबांना ते पटलं नाही. बॅनरवर त्यांची सही उजव्या कोपऱ्यात, खाली असायची, चपलेएवढी. रेनल्ड्सने आपली सही सिडन्सच्या झग्याच्या काठावर केली आणि तिला म्हणाला की तुमच्या वस्त्राच्या काठाला धरून माझं नाव पुढच्या पिढ्यांपर्यंत जाईल. हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे केलीच की पुढनं."

२९ मार्च, शनिवार

प्रयोग झाला. पिवळ्या उजेडात गुडघा रेशमी दिसला. दहाव्या रांगेपर्यंत पट्टे, त्याच्या मागे नुसतं निळसर काहीतरी चमकणारं. चालेल.

पहिल्या अंकात दार जोरात आपटलं (तालमीत कधी इतकं आपटलं नव्हतं) आणि चित्र बोटभर कललं. मी शेवटच्या रांगेत उभा, घशाला कोरड. सुनेचं काम करणारी मुलगी बोलत बोलत शेकोटीकडे गेली, वाक्य न तोडता दोन बोटांनी फ्रेम सरळ केली आणि वळली. लोकांना ते बसवलेलंच वाटलं. मध्यंतरात दोघांनी तसं बोलूनही दाखवलं.

आबांना फोनवरून दाखवलं, तिथे पहाटेचे दोन वाजत आले होते. त्यांना आवाज ऐकू येत नव्हता, चित्र तेवढं दिसत होतं.

"कोण रं ही बाई?"

"आबा, सिडन्स. तीच."

"तिथं उभी हाय ती. लाल साडीतली."

ती सून होती. तिचंच चाललं होतं तेव्हा.

३० मार्च, रविवार

चित्र परत घरी, जिन्याखाली, तोंड भिंतीकडे न करता. पडदा अजून चिकट आहे. फ्रेमच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात सोनेरी रंग निघाला आहे आणि शालीवर दोन बोटांचे ठसे आहेत. सून करणाऱ्या मुलीचा मेसेज आला की लाल साडीच्या पदराला पिवळं लागलं आहे, कशाने जाईल? पदर रेशमी म्हणून टर्पेंटाइन सांगितलं नाही, ड्राय क्लीनरला सांगितलं. पैसे मी देणार.

ठसे ठेवायचे की पुसायचे, ठरलेलं नाही. टेबल जागेवर आलं. भिंतीवरचा निळा अजून आहे. व्हार्निश: सप्टेंबरअखेर.